बंद पुस्तकावरचे हात

या चित्रातले पुस्तक बंद आहे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. लिहिण्याच्या टेबलाच्या वर, खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर, हान्स होल्बाइन (धाकटा) या जर्मन चित्रकाराने १५२३ साली रंगवलेल्या, इरॅस्मस या डच विद्वानाच्या व्यक्तिचित्राची एक छापील प्रत मी फार पूर्वी लावली होती आणि ती तिथे आहे हेही मी अधूनमधून विसरत असे. चित्रात काय आहे, असे कोणी विचारले असते, तर एक वयस्क विद्वान वाचता वाचता क्षणभर थांबला आहे, असे मी बेधडक सांगितले असते. विद्वान म्हटला की तो वाचत असणार आणि त्याचे हात पुस्तकावर असले की पुस्तक उघडे असणार, ही भर माझ्या मनाने परस्पर घातलेली होती. माझे बहुतेक आयुष्य मुद्रितशोधनात गेले आहे. समोर जे छापले आहे ते सोडून जे छापलेले असायला हवे तेच डोळा वाचतो आणि म्हणून चुका निसटतात, हे मी कित्येक नवशिक्यांना शिकवले आहे. तोच डोळा घरच्या भिंतीवर इतकी वर्षे मलाच फसवत होता, हे कळले तेव्हा मी जरासा खजील झालो आणि त्यानंतर हे चित्र खऱ्या अर्थाने पाहू लागलो.

मूळ चित्र मी पाहिलेले नाही. ते इंग्लंडमधल्या लाँगफर्ड कॅसलच्या संग्रहातले असून लंडनच्या नॅशनल गॅलरीत उसने ठेवलेले आहे. लाकडी फळीवर रंगवलेल्या या चित्राची उंची सुमारे ७४ सेंटिमीटर आणि रुंदी ५१ सेंटिमीटर आहे. चित्रातला माणूस कमरेपर्यंत दिसतो. डोक्यावर काळी टोपी, तिच्याखालून डोकावणारे करडे केस, अंगात फरचे अस्तर लावलेला जाड, काळसर अंगरखा. चेहरा तीन चतुर्थांश वळलेला, नाक लांब आणि टोकदार, ओठ पातळ आणि घट्ट मिटलेले, पापण्या निम्म्या उतरलेल्या आणि नजर आपल्याकडे मुळीच नाही. मागे एका बाजूला नक्षीने भरलेला दगडी भित्तिस्तंभ, दुसरीकडे दांडीवरून ओढलेला हिरवा पडदा, त्याच्या आडून दिसणारी एक फळी, फळीवर पुस्तके आणि पाण्याची काचेची बाटली. आणि सर्वांत पुढे, चौकटीच्या अगदी काठाशी, जाडजूड पुस्तकाच्या बंद वेष्टणावर टेकवलेले दोन हात.

व्यक्तिचित्र पाहणारा माणूस साहजिकच चेहऱ्यापासून सुरुवात करतो आणि मीही तेच केले. तरुणपणी मला या चेहऱ्यावर अहंकार दिसला. समोरच्याकडे न पाहण्यात तुच्छता आहे, मिटलेल्या ओठांत ‘तुम्हांला काय सांगायचे’ असा भाव आहे, असे मी ठरवून टाकले होते. पुढे चाळिशीच्या आसपास, कामाचा डोंगर उपसत असताना, तोच चेहरा मला दमलेला वाटू लागला. त्या पापण्या तुच्छतेने उतरलेल्या नसून रात्रीच्या जागरणाने जड झालेल्या आहेत, असे मी मित्रांना समजावून सांगत असे. आणखी काही वर्षांनी ओठांच्या कोपऱ्यात दडलेला मिस्कीलपणा सापडला. चित्र तेच, प्रत तीच. मग बदलले कोण, हे उघड आहे. म्हणून चेहऱ्यावरून स्वभाव सांगण्याच्या उद्योगाविषयी माझ्या मनात आता बरीच धास्ती आहे. स्वित्झर्लंडच्या लाव्हाटरने १७७५ ते १७७८ या काळात त्या उद्योगाला चार जाडजूड खंडांचे रूप दिले आणि कपाळाच्या उतारावरून व नाकाच्या वळणावरून माणसाची बुद्धी आणि शील वाचण्याचे वेड युरोपभर पसरले. वाचणाऱ्याला माणूस आधीच ठाऊक असेल, तर नाकही त्याला अनुकूल साक्ष देते, एवढेच त्यातून सिद्ध होते, असे मला वाटते.

गंमत अशी की ज्याचा हा चेहरा आहे त्याने स्वतः चेहऱ्याच्या साक्षीवर फारसा विश्वास ठेवलेला दिसत नाही. १५१७ साली अँटवर्पमध्ये क्वेंटिन मॅसिस हा चित्रकार इरॅस्मस आणि त्याचा मित्र पीटर गिलिस यांची जोडचित्रे रंगवत होता. ती लंडनच्या थॉमस मोर या त्यांच्या विद्वान मित्राला भेट म्हणून पाठवायची होती. चित्र सुरू झाले आणि मध्येच वैद्याने इरॅस्मसला पित्तावर रेचक गोळ्या दिल्या. त्या घेऊन तो पुन्हा चित्रकारापुढे बसला, तेव्हा हा तो चेहराच नव्हे असे चित्रकार म्हणाला आणि रंग पुन्हा चढेपर्यंत काम काही दिवस थांबवावे लागले. हे सगळे इरॅस्मसनेच मोरला पत्रातून कळवले आहे. त्याच्याही आधी, होल्बाइन जेमतेम अठरा वर्षांचा असताना, त्याने ‘मूर्खपणाची स्तुती’ या इरॅस्मसच्या पुस्तकाच्या १५१५च्या एका प्रतीच्या समासात गमतीची रेखाटने काढली होती आणि त्यांत लिहीत बसलेला इरॅस्मसही होता. ते पाहून, ‘इरॅस्मस अजून असा दिसत असता, तर त्याने ताबडतोब लग्न केले असते,’ असे इरॅस्मस म्हणाला, अशी त्या काळची नोंद आहे. आणि १५२६ साली आल्ब्रेख्ट ड्यूररने त्याचे ताम्रपटावर कोरलेले चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा चेहरा जमलेला नाही ही नाराजी इरॅस्मसने मोठ्या खुबीने व्यक्त केली: चित्र हुबेहूब नसले तर त्यात नवल नाही, कारण पाच वर्षांपूर्वीचा मी आता राहिलेलो नाही. ड्यूररने मूळ रेखाटन १५२० साली केले होते, त्यामुळे चित्रकाराला वाचवणारी ही पळवाट खोटीही नव्हती.

गोळ्यांनी बदलणारा आणि पाच वर्षांत हातचा निसटणारा हा चेहरा सोडून मी हातांकडे वळलो. त्याला आणखी एक कारण झाले. लूव्र संग्रहालयात होल्बाइनने या व्यक्तिचित्रांसाठी केलेली हातांची रेखाटने आहेत. चांदीच्या टोकाच्या लेखणीने आणि खडूने त्याने हे हात पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या अवस्थांत टिपले आहेत. एखादा चित्रकार हातांवर इतका वेळ घालवतो, तेव्हा ते केवळ बाहीच्या टोकाला हवेत म्हणून काढलेले नसतात. आपल्याकडे हातच्या काकणाला आरसा कशाला, असे म्हणतात. हाताला लपता येत नाही, हे त्या म्हणीचे मर्म आहे आणि चेहऱ्यासाठी जी तयारी माणूस करतो ती हातांसाठी करायचे त्याला सुचत नाही. चित्रासाठी बसणारा चेहरा सावरतो, ओठ मिटतो, नजर कुठे ठेवायची ते ठरवतो. हात मात्र सवयीने जिथे जातात तिथे जातात. या माणसाचे हात सवयीने पुस्तकावर गेले.

पण ते कसे गेले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. फरच्या रुंद बाह्यांतून बाहेर आलेले हे हात पुस्तक उघडत नाहीत, चाळत नाहीत, त्यात बोटही घालून ठेवत नाहीत. विद्वानांच्या व्यक्तिचित्रांत बोट पानांत अडकवून ठेवण्याची रीत फार आढळते. ‘तुम्ही आलात म्हणून थांबलो, तुम्ही गेलात की पुढे वाचीन’ असे ते बोट सांगत असते आणि खरे सांगायचे तर त्यात थोडा देखावा असतो. होल्बाइनच्या या चित्रात तसे काही नाही. काम झालेले आहे. एखादा सुतार तयार झालेल्या पेटीवर तळवा टेकवून क्षणभर उभा राहतो, तसे हे हात टेकले आहेत.

मग पुस्तक कोणते? पानांच्या कडेवर ग्रीक अक्षरांत दोन शब्द रंगवलेले आहेत: ‘हेराक्लेइओई पोनोई’, म्हणजे हर्क्युलिसचे कष्ट. तिथेच पुस्तकाच्या कडेवर इरॅस्मसचे नाव आहे. आमच्या छापील प्रतीत ही अक्षरे म्हणजे केवळ पांढरट ठिपके दिसतात. संगणकाच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा मला ती प्रथम वाचता आली. मी आधी त्याचा अर्थ सरळ लावला: प्रकांड पंडिताला चित्रकाराने वीराची उपमा दिली आहे, म्हणजे स्तुती आहे. तो अर्थ चुकीचा नाही, पण उथळ आहे, हे त्या दोन शब्दांचा माग काढल्यावर कळले.

इरॅस्मसने आयुष्यभर ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतल्या म्हणी व सुवचने जमवली. १५०० साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या ‘अडाजिया’ या संग्रहात ८१८ वचने होती. तो मरेपर्यंत त्यात भर घालत राहिला आणि अखेरच्या आवृत्तीत त्यांची संख्या ४,१५१ झाली. त्यांतलेच एक वचन ‘हर्क्युलिसचे कष्ट’ हे आहे आणि त्यावर त्याने लिहिलेले टिपण स्वतःच एक लांबलचक निबंध होऊन बसले आहे. तो म्हणतो की हे वचन केवळ मोठ्या कामासाठी नाही. ज्या कामाचा लाभ दुसऱ्यांना होतो आणि करणाऱ्याच्या पदरी थोडेसे नाव आणि पुष्कळसा मत्सर पडतो, त्या कामासाठी ते आहे. हर्क्युलिसने मारलेला अनेक मुखांचा सर्प, ज्याचे एक डोके छाटले की दुसरी उगवतात, तो त्याच्या मते मत्सराचेच रूप आहे. मग तो सरळ स्वतःकडे वळतो. सदोष हस्तलिखिते ताडून पाहायची, शेकडो ग्रंथ धुंडाळून एकेक वचन वेचायचे, ते कुठून आले आणि त्याचा अर्थ काय हे ठरवायचे, आणि हे सगळे अशा रीतीने करायचे की वाचणाऱ्याला त्यातले कष्ट दिसूच नयेत. एवढे करून पुन्हा काय सुटले याकडेच बोट दाखवले जाणार.

हे वाचले आणि माझी मान आपोआप हलली. ज्याने सूची तयार केली आहे, शब्दार्थ जुळवले आहेत, दुसऱ्याच्या हजार पानांतली चुकलेली वेलांटी शोधली आहे, त्याला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुद्रितशोधकाने पकडलेल्या नऊशे नव्याण्णव चुका कोणाला कधीच दिसत नाहीत, निसटलेली एक मात्र छापून येते आणि तिचे आयुष्य त्याच्यापेक्षा मोठे असते. तेव्हा त्या बंद पुस्तकावरचे ग्रीक शब्द ही पदवी नसून तक्रार आहे, आणि ती या माणसाने अशा भाषेत, अशा जागी लिहू दिली आहे की जो ती वाचू शकेल त्याला ती आधीच पटलेली असेल.

आता चित्राच्या दुसऱ्या टोकाकडे, पडद्याआडच्या फळीकडे पाहा. तिथल्या एका पुस्तकावर रोमन अंकांत १५२३ हे साल आणि लॅटिन ओळी आहेत. त्यांचा आशय असा: मी तो योहानेस होल्बाइन, ज्याची नक्कल करणारा सहजासहजी मिळणार नाही, निंदा करणारा मात्र मिळेल. मूळ लॅटिनमध्ये यात एक चटकदार खेळ आहे. ‘मीमुस’ म्हणजे अनुकरण करणारा आणि ‘मोमुस’ म्हणजे दोष काढणारा, ग्रीक पुराणातला छिद्रान्वेषी देव. दोघांत फरक फक्त एका स्वराचा. कल्पना तशी प्राचीन आहे. झ्युक्सिस या ग्रीक चित्रकाराने आपल्या एका चित्राखाली असेच काहीसे लिहिल्याचे रोमन लेखक प्लिनी सांगतो. हा शब्दखेळ सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला स्वतःला सुचला, की पुढ्यात बसलेल्या लॅटिनपंडिताने कंटाळा घालवण्यासाठी तो पुरवला, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो आणि मी तो मुद्दाम अर्धवट सोडून देतो.

या ओळी वाचेपर्यंत मी या चित्राकडे लेखणी आणि कुंचला यांच्यातला तंटा म्हणून पाहत होतो, कारण तसा तंटा खरोखर होता. मॅसिसने १५१९ साली इरॅस्मसचे एक पदक घडवले. त्यावर ग्रीकमध्ये लिहिले आहे की याहून सरस प्रतिमा याचे लेखन दाखवील. ड्यूररच्या १५२६च्या चित्रातही तेच वाक्य, चेहऱ्याच्या शेजारी, मोठ्या पाटीवर कोरलेले आहे. पाहणाऱ्याला चित्रातच बजावले जाते की चित्र दुय्यम आहे. माणूस पाहायचा असेल तर त्याची पुस्तके वाचा. त्या हिशेबाने होल्बाइनने पुस्तक बंद ठेवले, यात मला सूड दिसला होता. लेखन सरस प्रतिमा दाखवते काय, मग हे घ्या लेखन: वेष्टणासकट, फितीसकट, कडेवरच्या अक्षरांसकट, आणि आतली एक ओळही तुम्हांला वाचू देत नाही. चित्रात पुस्तक ही एक वस्तू आहे, जशी बाटली ही वस्तू आहे, आणि वस्तूंच्या राज्यात चित्रकाराचा शब्द चालतो. हा अर्थ मला फार आवडला होता, कित्येकांना मी तो ऐकवलाही होता.

तो अर्थ मला सोडून द्यावा लागला. पुढच्या पुस्तकावर ग्रीकमध्ये जे लिहिले आहे आणि मागच्या पुस्तकावर लॅटिनमध्ये जे लिहिले आहे, ते एकच आहे. कष्ट अवघड, दोष काढणे सोपे. लाभ दुसऱ्याचा, मत्सर आपला. विद्वानाची तक्रार त्याच्या हातांखाली आहे आणि चित्रकाराची पडद्याआड फळीवर, पण दोघांनी एकाच चौकटीत ती एकमेकांच्या साक्षीने नोंदवली आहे. तंटा करणारी माणसे असे करत नाहीत. एकाच छापखान्यासाठी राबणारी माणसे करतात, आणि हे दोघे खरोखरच तसे होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा मुद्रक योहान फ्रोबेन इरॅस्मसची पुस्तके छापत होता, १५१६ साली बायबलच्या नव्या कराराची ग्रीक संहिता आणि बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमचे लेखन त्याच्याच छापखान्यातून निघाले होते, आणि होल्बाइन त्याच मुद्रकासाठी मुखपृष्ठांच्या नक्षीदार चौकटी काढून देत असे. एकाने मजकूर दिला, दुसऱ्याने त्याची चौकट दिली. या चित्रातही तसेच झाले आहे, फक्त यावेळी मजकुराच्या जागी माणूस आहे.

त्याच वर्षी होल्बाइनने इरॅस्मसचे आणखी एक चित्र काढले, जे आता लूव्रमध्ये आहे, आणि त्याच धर्तीचे तिसरे बाझेलच्या संग्रहालयात आहे. लूव्रमधले चित्र लंडनच्या चित्रापेक्षा बरेच लहान आहे. त्यात इरॅस्मस पूर्ण बाजूने दिसतो, नजर खाली, उजव्या हातात लेखणी, डाव्या हाताने कागद धरलेला आणि त्या हाताच्या बोटांत अंगठ्या. बाझेलच्या चित्रात कागदावरचा मजकूर वाचता येतो: मार्कच्या शुभवर्तमानावरील त्याच्या विवरणाची ही सुरुवात आहे, म्हणजे ज्या लेखनात तो त्या वर्षी प्रत्यक्ष गुंतलेला होता तेच. पुष्कळांना हे बाजूचे चित्र अधिक थोर वाटते आणि कारण समजण्यासारखे आहे. त्यात काम चालू आहे, त्याला आपली दखलही नाही, आपण पाय न वाजवता खोलीत शिरलो आहोत. मला स्वतःला मात्र लंडनचे चित्र अधिक धीट वाटते. लिहिणारा माणूस रंगवला की विचार चालला आहे हे दाखवण्याची सोय आपोआप होते. लेखणी हलते आहे, म्हणजे डोके चालले आहे. लेखणी काढून घेतली, पुस्तक मिटले, नजरही दूर लावली, आणि तरीही हा माणूस आयुष्यभर लिहीत आला आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, ही अवघड पैज आहे. ती ज्या आधारावर जिंकली गेली आहे तो आधार मला बोटांत दिसतो. ती सैल आहेत, पण निर्जीव नाहीत. वजन टाकलेले आहे, पण पूर्ण नाही. माझ्या उजव्या मधल्या बोटावर लेखणीने पाडलेला एक घट्टा आहे, लिहिणे कमी झाले तरी तो गेलेला नाही. चित्रातल्या बोटांवर मी तो अनेकदा शोधला. सापडला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पडद्यावर चित्र फार मोठे केले की घट्टा आणि रंगाचा ठिपका यांतला फरक राहत नाही, हेही मला ठाऊक आहे.

फळी, पडदा आणि बाटली यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे अर्थ लावणारे फार गर्दी करतात. अभ्यासिकेत बसलेला संत जेरोम हा युरोपीय चित्रकारांचा जुना विषय होता आणि पुस्तकांची फळी, पाण्याची बाटली ही त्या चित्रांतली ओळखीची सामग्री. जेरोमच्या लेखनाचे संपादन करणाऱ्याला जेरोमच्या खोलीत बसवणे, हा इशारा त्या काळच्या पाहणाऱ्याला लगेच समजला असणार, आणि जेरोमच्याच नावाने चालत आलेल्या लॅटिन बायबलातले दोष दाखवण्याचे धाडस याच माणसाने केले होते, हे लक्षात घेतले की त्या इशाऱ्याला थोडी धारही येते. काचेतून आरपार जाणारा प्रकाश हे निर्मळतेचे चिन्ह, असेही सांगितले जाते. असेल. पण ज्याला मूतखड्याने वर्षानुवर्षे छळले, त्या माणसाच्या हाताशी पाण्याची बाटली असण्यासाठी चिन्हाची गरज नाही. फरचेही तसेच. ते मानमरातबाचे लक्षण आहेच, पण बंद शेगड्यांनी तापवलेल्या जर्मन खोल्यांची हवा या गृहस्थाला सहन होत नसे, आणि शेगडी नको म्हणणाऱ्याला थंडीत काहीतरी पांघरावे लागते. चिन्हे वाचणाऱ्याने अधूनमधून अंगावर शाल घेऊन पाहावी.

राहिली ती नजर. ती आपल्याकडे का नाही, या प्रश्नाशी मी सर्वांत जास्त काळ अडलो होतो आणि अहंकार, थकवा, मिस्कीलपणा हे माझे सगळे जुने अर्थ याच प्रश्नाची उत्तरे होती. आता मला वाटते की प्रश्नच चुकीच्या माणसाने विचारला होता. हे चित्र माझ्यासाठी काढलेले नाही. १५२४च्या जूनमध्ये इरॅस्मसने न्यूरेंबर्गच्या पिर्कहाइमर या मित्राला कळवले की आपली दोन चित्रे त्याने नुकतीच इंग्लंडला पाठवली आहेत आणि एक चित्रकाराने स्वतः फ्रान्सला नेले आहे. त्यांतले एक कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम वॉरहॅम याच्यासाठी होते, आणि ते म्हणजे हेच चित्र असावे, असे सामान्यतः मानले जाते. वॉरहॅमने इरॅस्मसला अनेक वर्षे आर्थिक आधार दिला होता. चित्र मिळाले असेलच, असे त्याला लिहिताना इरॅस्मसने म्हटले आहे की देवाने आपल्याला बोलावून घेतले, तरी तुमच्यापाशी इरॅस्मसचे काहीतरी राहील.

या पत्रानंतर चित्राकडे पाहिले की ते भिंतीवरची शोभा न राहता टपालात टाकलेली वस्तू होते. त्या वर्तुळात चित्रे पत्रांसारखीच फिरत होती, किंबहुना पत्रांतली राहिलेली जागा भरून काढत होती. मॅसिसच्या जोडचित्रात गिलिसच्या हातात जे पत्र आहे ते मोरचे आहे, आणि त्यावरचे अक्षर चित्रकाराने इतके हुबेहूब उतरवले होते की मोरने त्याला गमतीने बनावट दस्तऐवज करणारा ठरवले आणि ते मूळ पत्र परत मागून घेतले. ज्याला चित्र पाठवायचे त्याचेच अक्षर त्या चित्रात, अशी ती जवळीक. वॉरहॅमला चित्रातल्या माणसाने आपल्याकडे पाहावे अशी गरज नव्हती. जो आपल्या ओळखीचा आहे, तो खोलीत दुसरीकडे पाहत बसलेला असला, तरी आपल्याला त्यात उपेक्षा दिसत नाही. ती अनोळखी माणसालाच दिसते. मला तरुणपणी दिसलेली तुच्छता ही बहुधा एवढीच होती की दुसऱ्याला लिहिलेले पत्र मी उघडून वाचत होतो आणि त्यात माझे नाव का नाही म्हणून रुसलो होतो.

पुढे काय झाले, तेही या हिशेबात धरले पाहिजे. १५२६च्या ऑगस्टमध्ये इरॅस्मसने होल्बाइनच्या हातात गिलिससाठी एक पत्र दिले: इथे कला गारठल्या आहेत, हा काही ‘एंजल’ मिळवायला इंग्लंडला निघाला आहे. एंजल हे इंग्लंडमधले सोन्याचे नाणे, म्हणजे देवदूतही आणि पैसाही. शिफारसपत्रातसुद्धा या माणसाला श्लेष आवरला नाही. होल्बाइन मोरच्या घरी पोचला आणि १५२७ साली त्याने वॉरहॅमचेही व्यक्तिचित्र काढले. आठवण म्हणून चित्र ज्याला दिले होते तो वॉरहॅम १५३२ साली आधी गेला. मोरचा १५३५ साली शिरच्छेद झाला. १५२९ साली बाझेलमधल्या चर्चांतली चित्रे आणि मूर्ती फोडल्या गेल्या, त्यानंतर इरॅस्मस फ्रायबुर्गला निघून गेला. तो शेवटी बाझेलला परतला आणि १५३६च्या जुलैमध्ये तिथेच वारला. होल्बाइन १५४३ साली लंडनमध्ये गेला. पत्र पाठवणारा, ते नेऊन देणारा आणि घेणारा यांपैकी कोणीच मागे राहिले नाही, आणि चित्र मात्र हिरव्या पडद्यासमोर बसून त्याच दिशेला पाहत राहिले.

माझ्याकडची प्रत खिडकीजवळ लावण्यात चूक झाली. छपाईच्या शाईतला पिवळा रंग उन्हाने आधी उडतो, हे मला व्यवसायाने ठाऊक असायला हवे होते. हिरवा पडदा आता निळसर झाला आहे. चेहऱ्यावरची ऊब गेली असून गोळ्या घेतलेल्या दिवशी मॅसिसला तो कसा दिसला असेल, याची थोडी कल्पना येते. टोपी, अंगरखा आणि पुस्तकाची सावली काळ्या शाईची असल्याने तशीच आहे. हात तेवढे दिवसेंदिवस फिके पडत कागदाच्या रंगाला येऊ लागले आहेत.